लूट उचलताना हात थांबतो का? हॅक अँड स्लॅश एआरपीजीबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेलमध्ये डायब्लो फोर घ्यायचा विचार चाललाय, एक मित्र म्हणतो पाथ ऑफ एक्झाइल फुकट आहे तोच खेळ, दुसरा म्हणतो हे सगळे नुसते क्लिक-क्लिक गेम, दहा तासांत कंटाळशील. तर या प्रकारात नक्की चांगलं काय, वाईट काय, आणि सुरुवात कुठून करावी?

इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी हे गेम २००१ पासून खेळतोय आणि गेली बारा वर्षं गेम स्टुडिओत सिस्टिम डिझाइन करतोय, म्हणजे कुठला राक्षस मेला की काय पडेल, किती वेळा पडेल, तलवारीवर कुठला आकडा कुठपासून कुठपर्यंत येईल याची कोष्टकं बनवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, सवडीने वाच.

आधी नावाचा घोळ मिटवू. एआरपीजी म्हणजे ॲक्शन रोल-प्लेइंग गेम, एक पात्र घ्यायचं आणि मारामारी करत त्याला वाढवत न्यायचं. हॅक अँड स्लॅश हा शब्द मुळात डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ खेळणाऱ्या लोकांचा, ज्या डावात गोष्ट कमी आणि मारामारी जास्त असेल त्याला ते असं म्हणायचे. नंतर डेव्हिल मे क्राय, गॉड ऑफ वॉर यांनाही लोक हेच म्हणायला लागले. तू विचारतोयस ते वेगळं, वरून तिरक्या कॅमेऱ्यातून दिसणारं मैदान, शेकडो राक्षस, आणि मेल्यावर जमिनीवर पडणारी लूट. ह्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे डायब्लो, १९९६ च्या अगदी शेवटी आलेला, आणि त्याच्याही मागे १९८० चा 'रोग' (Rogue) आणि अँगबँडसारखे नुसत्या अक्षरांनी काढलेले गेम, ज्यात भुयार दरवेळी नवीन तयार व्हायचं.

आता गंमत बघ, डायब्लो आधी आळीपाळीने चालणारा गेम होता. तू एक पाऊल टाक, मग राक्षस एक पाऊल टाकेल, असा. डेव्हिड ब्रेव्हिक या त्याच्या मुख्य प्रोग्रॅमरला तो तसाच ठेवायचा होता, पण टीममधल्या बाकीच्यांचा आग्रह होता की रिअल टाइम करून बघू, आणि त्याने काही तासांत कोड बदलला, हाडांच्या सापळ्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला आणि त्याने फटका हाणला, सापळा कोसळला. त्या क्लिकनंतर परत मागे जायचा प्रश्नच उरला नाही असं त्याने नंतर जाहीर भाषणात सांगितलंय. मी हे मुद्दाम सांगतोय कारण ह्या प्रकाराचा पहिला जोर तिथेच आहे, क्लिक आणि परिणाम यांच्यामध्ये काहीही नाही. मेन्यू नाही, वाट बघणं नाही. दिवसभर कॉलेज करून थकून आलेल्या माणसालाही पाचव्या सेकंदाला कळतं की काय करायचंय.

पण 'नुसतं क्लिक' म्हणणाऱ्या मित्राला हे माहीत नसणार की तो एक क्लिक चांगला लागावा म्हणून आमच्याकडे किती जण किती महिने घालवतात. एका फटक्यात काय काय असतं बघ. हात मागे जातो ते तू क्लिक करायच्या आत सुरू झाल्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणून मागे जाण्याच्या फ्रेम्स, म्हणजे हालचालीची एकेक चित्रं, आम्ही कापतो. फटका लागला की दोन्ही पात्रं तीन-चार फ्रेम जागच्या जागी गोठवतात, सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये हे जेमतेम ५० ते ६७ मिलिसेकंद, डोळ्याला दिसत नाही पण हाताला वजन जाणवतं. आता हेच तीस राक्षसांवर एकाच वेळी केलं तर गेम अडखळल्यासारखा वाटतो, म्हणून एआरपीजीमध्ये गोठवणं फक्त जड फटक्यांना ठेवतात आणि बाकीचं वजन आवाजात आणि मरण्याच्या ॲनिमेशनमध्ये टाकतात. डायब्लो थ्रीवर लोकांनी हजार आरोप केले, पण त्यातल्या राक्षसांचं उडणं, आपटणं, भिंतीला धडकून खाली येणं बघ, त्यात बार्बेरियन या पात्राची एक उडी मारून बघ. तो हातखंडा आजही फार थोड्यांना जमलाय.

आणि आवाज. डायब्लो टू मध्ये अंगठी पडली की जो 'टिंग' आवाज येतो तो मी आजही शेजारच्या खोलीतून ओळखेन. रत्नाचा वेगळा, औषधाच्या बाटलीचा वेगळा. म्हणजे स्क्रीनवर धूर, आग, वीस प्रेतं असली तरी कानाला कळतं की काहीतरी पडलं. एकदा आमच्या एका मोबाइल गेममध्ये टेस्टिंगवाली सगळी मुलं सांगत होती की काहीच चांगलं पडत नाही, ड्रॉप वाढवा. मी लॉग काढून बघितले तर पडत होतं, चांगलं पडत होतं, पण सगळ्याचा आवाज एकच होता आणि लोक ते न बघता पुढे धावत होते. आम्ही कोष्टकाला हातही लावला नाही, फक्त दुर्मिळ वस्तूला वेगळा आवाज आणि वर जाणारा प्रकाशाचा झोत दिला, तक्रारी थांबल्या. तेव्हा मला कळलं की लूट म्हणजे आकडा नाही, लूट म्हणजे तो क्षण जेव्हा खेळणारा थांबतो.

ह्या प्रकारातला कुठलाही गेम मी याच एका गोष्टीवरून जोखतो: जमिनीवर काहीतरी पडलं, तू ते उचललंस, तर तुझा हात थांबतो का? वाचावं लागतं का? विचार करावा लागतो का की हे मी घातलं तर मला वेगळं खेळावं लागेल? जोपर्यंत उत्तर हो आहे तोपर्यंत गेम जिवंत. ज्या दिवशी तू नुसता हिरवा बाण वर आहे की लाल बाण खाली आहे बघून घालतोस किंवा फेकतोस, त्या दिवशी तुझा दुसरा मित्र बरोबर ठरतो, मग ते खरंच नुसतं क्लिक-क्लिक.

डायब्लो टू मधलं एक उदाहरण देतो, जरा खोलात जातो कारण मजा तिथेच आहे. तो गेम आतून सेकंदाला २५ फ्रेमवर चालतो. सॉर्सरेस, म्हणजे जादूगारीण, मंत्र टाकते तेव्हा तिला १३ फ्रेम लागतात, आणि 'फास्टर कास्ट रेट' असलेल्या वस्तू घातल्या की कमी होतात. पण फ्रेम अर्धी होऊ शकत नाही, त्यामुळे टप्पे पडतात. ६३ टक्के झाले की ९ फ्रेम, मग थेट १०५ टक्क्यांना ८ फ्रेम, मधल्या आकड्यांना काडीचा उपयोग नाही. आता समज, तुला १० टक्केवाली अंगठी मिळाली. तू ६३ वर असशील तर ती कचरा, ७३ होऊन काहीच बदलणार नाही. आणि तू ९५ वर अडकून बसला असशील तर तीच अंगठी सोनं, कारण ती तुला पुढच्या टप्प्यावर नेते. एकच वस्तू, माझ्यासाठी भंगार आणि तुझ्यासाठी महिन्याभराचा शोध संपला. वस्तूची किंमत वस्तूत नाही, तुझ्या बाकीच्या सामानात आहे. असं डिझाइन करणं फार अवघड असतं रे, आणि खरं सांगायचं तर त्यांनीही ते टप्पे मौज म्हणून ठेवले असतील असं नाही, पण त्यातून जे निघालं त्यावर लोक पंचवीस वर्षं खेळतायत, २०२१ ला त्याची नवी आवृत्ती रिसरेक्टेड आली तेव्हाही त्यांनी ते टप्पे तसेच ठेवले.

दुसरा जोर म्हणजे बिल्ड, पात्राची कौशल्यं आणि सामान कसं जुळवायचं ते. ग्रिम डॉन नावाच्या गेममध्ये दोन विस्तारांसकट ९ मास्टरी, म्हणजे कौशल्यांच्या शाखा, आहेत, त्यातल्या कुठल्याही दोन एकत्र करायच्या, म्हणजे ३६ जोड्या. पाथ ऑफ एक्झाइलच्या पॅसिव्ह ट्रीमध्ये, म्हणजे पात्राला कायमची ताकद देणाऱ्या पॉइंटच्या झाडात, हजाराच्या वर गाठी आहेत, पहिल्यांदा उघडलास की आभाळ बघितल्यासारखं होतं. पण ह्या मोठ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचं काय असतं माहितीये, की चुकीचं काहीतरी जोडून बघावंसं वाटणं. अमुक मंत्र खर्चीला जड आहे, पण अमुक अंगठी जीव खर्चून मंत्र टाकू देते, आणि अमुक चिलखत जीव गेला की ताकद वाढवतं, अरे मग हे तीन एकत्र केले तर? रात्री अंथरुणात पडल्यावर हे डोक्यात येणं आणि सकाळी उठून करून बघणं, ही मजा दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या गेममध्ये मला एवढी मिळालेली नाही. बुद्धिबळात चाल सुचते तसं वाटतं, फक्त इथे सोंगट्या पण तूच घडवलेल्या असतात.

आणि सोबत. पिंपरीला माझ्या मावसभावाच्या घराजवळ एक नेट कॅफे होता, तिथे लॅनवर डायब्लो टू टाकलेला. आम्ही चौघं शनिवारी रात्री बसायचो. त्या गेममध्ये लूट सगळ्यांची एकत्र पडते, ज्याने आधी क्लिक केलं त्याची. बॉस कोसळायच्या आधीच सगळ्यांचे कर्सर त्याच्या पायाशी जाऊन बसलेले, मारायचं कोण हा प्रश्न राहायचा. एकदा मी सगळ्यात पुढे उभा राहून मार खात होतो आणि ज्या धनुष्यासाठी मावसभाऊ दोन महिने फिरत होता ते पडलं, तर ते उचललं चौथ्याच पोराने, जो जादूगार होता, त्याला धनुष्याचा काय उपयोग. मावसभाऊ काहीच बोलला नाही, उठून बाहेर जाऊन उभा राहिला. त्या पोराने नंतर ते त्याला दिलं, पण तोपर्यंत रात्र गेली होती. पुढे डायब्लो थ्रीने प्रत्येकाची लूट वेगळी केली, ज्याची त्याला दिसणार, तेव्हा जुने लोक म्हणाले धार गेली. मला नाही तसं वाटत. मित्राशी भांडायला लावणारी धार गेली तर बरंच झालं.

आता वाईट बाजू, आणि ही मी जास्त वेळ घेऊन सांगणार आहे कारण विकत घेताना ही कोणी सांगत नाही.

पहिली म्हणजे आकड्यांची सूज. गणित सोपं आहे. समज तुझा फटका १०० चा, आणि तुझ्याकडे २० टक्के वाढवणाऱ्या पाच गोष्टी आहेत. त्या आधी एकमेकींत मिळवून मग लावल्या तर फटका २०० होतो. त्या एकावर एक गुणल्या तर साधारण २४९ होतो. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये पहिल्या प्रकाराला 'इन्क्रीज्ड' म्हणतात आणि दुसऱ्याला 'मोअर', आणि नवीन खेळणारा हे दोन शब्द सारखेच समजून शंभर तास चुकीचे पॉइंट टाकत बसतो. पाच गोष्टींत फरक थोडा दिसतो, वीस गोष्टी झाल्या की गुणाकारवाला आकडा आभाळाला जातो. मग डिझायनर काय करतो, राक्षसांचं आयुष्य वाढवतो, मग खेळणाऱ्याला पुन्हा कमी पडतं, मग नवीन सेट, म्हणजे एकत्र घातल्यावरच ताकद देणाऱ्या वस्तूंचे संच, येतात. डायब्लो थ्रीमध्ये शेवटी शेवटी सेट हजारो टक्के नुकसान वाढवायला लागले आणि स्क्रीनवर अब्ज-खर्वाचे आकडे उडायला लागले. तो सेट नसेल तर तुझा फटका म्हणजे गुदगुल्या. मग तुझ्याकडे कितीही मजेशीर अंगठी पडो, सेट मोडून ती घालायची सोयच नाही. बिल्ड तू बनवत नाहीस, सेटवाल्याने आधीच बनवून ठेवलाय, तू फक्त तुकडे गोळा करतोस. हात थांबायचं कारणच संपलं.

डायब्लो फोर २०२३ च्या जूनमध्ये आला तेव्हा आजार उलट्या बाजूने होता. आकडे छोटे पण अटी फार. लांबच्या शत्रूवर इतकं, जवळच्यावर इतकं, गारठलेल्यावर इतकं, निरोगी असलेल्यावर इतकं. प्रत्येक विजारीवर असे चार-चार ओळींचे तपशील आणि प्रत्येकाचा फरक दोन-तीन टक्के. हात थांबायचा, पण कंटाळ्याने. त्यांनी हे मान्य केलं आणि २०२४ च्या मे महिन्यात चौथ्या सीझनला सगळी लूट नव्याने मांडली, ओळी कमी केल्या, हव्या त्या ओळी स्वतः चढवायची सोय दिली. तू आज घेशील तर तुला तो सुधारलेला गेम मिळेल, म्हणून जुने रिव्ह्यू वाचून घाबरू नकोस.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि माझ्या मते हा ह्या प्रकाराचा सगळ्यात खोल आजार आहे. सुरुवातीला राक्षस हात उचलतो, तू बघतोस, बाजूला होतोस, मारतोस. पहिल्या डायब्लोत दुसऱ्या मजल्यावर बुचर भेटतो, त्याच्या खोलीचं दार उघडलं की तो सरळ अंगावर येतो, आणि त्या गेममध्ये तुला धावताच येत नाही. लोकांनी काय काय शोधून काढलं, गजांच्या आड उभं राहून बाण मारणं वगैरे. एक राक्षस, आणि वीस-पंचवीस वर्षांनी लोक त्याबद्दल बोलतात. आता कुठल्याही आधुनिक एआरपीजीच्या शेवटच्या टप्प्यात जा. तू एक बटण दाबतोस, अख्खा स्क्रीन साफ होतो, राक्षस पडद्यावर यायच्या आत मेलेला असतो. आमच्यातल्या कोणीतरी महिनाभर बसून त्या राक्षसाचं चालणं, ओरडणं, हल्ल्याची खूण बनवली होती, ती कोणाला दिसतच नाही. आणि खेळणाऱ्याचा जीव इतक्या वेगाने भरून येतो की त्याला हळूहळू मारणं अशक्य होतं. मग डिझायनरकडे एकच रस्ता उरतो, एका फटक्यात अख्खा जीव काढणारा हल्ला. म्हणून तुला पुढे असा अनुभव येईल की एक तास काहीच होत नाही आणि मग अचानक मेलास, कशाने मेलास ते कळत नाही. लोक म्हणतात गेम अन्यायी आहे. अन्याय मुद्दाम नसतो, वेग आणि जीव भरणं एवढं वाढल्यावर धोका दाखवायला दुसरी जागाच शिल्लक राहत नाही.

पाथ ऑफ एक्झाइल टू, जो २०२४ च्या डिसेंबरमध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला, आला, त्यांनी हाच आजार बरा करायचा प्रयत्न केला. लोळण घेऊन फटका चुकवायची सोय, बॉस हळू आणि वाचता येण्यासारखे, पहिल्या अंकाचे (ॲक्टचे) बॉस तर माझ्या मते ह्या प्रकारातले आजवरचे सर्वोत्तम. पण शेवटच्या टप्प्यात तोही परत जुन्या वेगाला गेला, आणि २०२५ च्या एप्रिलमधल्या मोठ्या अपडेटमध्ये त्यांनी ताकद खाली आणली तेव्हा खेळणारेच भडकले. म्हणजे आपल्यालाच तो वेग हवाय आणि आपल्यालाच त्याचा कंटाळा येतो. हे कोडं अजून कोणी सोडवलेलं नाही, मी पण नाही.

तिसरं, नशीब. इथे तू विद्यार्थी आहेस म्हणून जरा कळकळीने सांगतो. समज एखादी वस्तू ४०० वेळा मारलं की एकदा, अशा हिशोबाने पडते. बहुतेकांना वाटतं की मग ४०० वेळा मारलं की मिळेलच. नाही. ४०० वेळा मारूनही न मिळण्याची शक्यता जवळजवळ ३७ टक्के असते, कॅल्क्युलेटरवर ०.९९७५ चा ४०० वा घात काढून बघ. ८०० वेळा मारून सुद्धा शंभरात तेरा-चौदा जण रिकाम्या हाताने बसलेले असतात. आणि गेमला तुझं मागचं काही आठवत नाही, ७९९ वेळा हुकलास म्हणून ८०० व्या वेळी तो दया दाखवत नाही, जोपर्यंत डिझायनरने मुद्दाम तशी सोय केलेली नसते. मी माझ्या कोष्टकांत ती सोय टाकतो, ठराविक वेळा हुकलं की शक्यता हळूहळू वाढत जाते, कारण मी स्वतः शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या आठवड्यात पहाटे चारला 'एक शेवटचा रन' म्हणत बसलेलो आहे आणि तो शेवटचा नसतो हे मला माहीत होतं. पत्त्यांच्या क्लबात माणूस ज्या कारणाने उठत नाही त्याच कारणाने इथे उठवत नाही. गोष्टीवाल्या गेमला शेवट असतो, मॅचवाल्या गेमला मॅच संपते, हेडिससारख्या गेममध्ये अर्ध्या-पाऊण तासात फेरी संपून तू घरी येतोस, पण ह्या प्रकारात 'आता उठ' असं सांगणारी जागा कुठेच नाही. घड्याळ तुलाच लावावं लागेल.

ह्याच नशिबावर दुकान मांडलं की मग वाट लागते. डायब्लो थ्री १५ मे २०१२ ला आला, पहिल्याच दिवशी 'एरर ३७' ने लोक बाहेर अडकले ते सगळ्यांना आठवतं, पण खरं दुखणं लिलावघराचं होतं. खऱ्या पैशाने वस्तू विकत घ्यायची सोय होती, आणि झालं काय की राक्षस मारून मिळणारी प्रत्येक वस्तू लिलावातल्या वस्तूपेक्षा कमी ठरायला लागली. लोक गेम उघडायचे आणि बाजारात बसायचे. १८ मार्च २०१४ ला त्यांनी ते बंद केलं, आठवड्याभरात रीपर ऑफ सोल्स हा विस्तार आला आणि तोच गेम अचानक खेळावासा वाटायला लागला. लास्ट इपॉक नावाच्या गेमने ह्यावर मला आवडलेला उपाय काढलाय, दोन गट आहेत, एकात गेलास की व्यापार जवळजवळ सोडायचा पण तुला लूट जास्त चांगली पडते, दुसऱ्यात गेलास की बाजार खुला. ज्याला जे आवडतं ते. मोबाइलवरच्या डायब्लो इमॉर्टलमध्ये मात्र पैसे देऊन विकत घेतलेले क्रेस्ट (भुयारात शिरताना वापरायची वस्तू) लावून रत्नं पाडता येतात, आणि ती रत्नं म्हणजेच ताकद. तिकडे जाऊ नकोस एवढंच सांगतो.

चौथं, सतत ऑनलाइन राहायची सक्ती. हार्डकोअर नावाचा प्रकार असतो, पात्र एकदा मेलं की कायमचं गेलं. मला तो फार आवडतो, कारण तिथे बचावाच्या वस्तू पण हात थांबवतात. चार वर्षांपूर्वी जुलैत, तीन महिने वाढवलेलं माझं पात्र, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेली नाही पण ब्रॉडबँडचा राउटर लाल झाला. स्क्रीन जागच्या जागी थांबला, मी फोनचा हॉटस्पॉट चालू करेपर्यंत दीड मिनिट गेलं, परत आलो तर पात्राच्या नावापुढे कवटी. मी मेलो नव्हतो, वायर मेली होती. तेव्हापासून पावसाळ्यात हार्डकोअर फक्त ऑफलाइन. ग्रिम डॉन, टायटन क्वेस्ट, टॉर्चलाइट टू, डायब्लो टू रिसरेक्टेड, लास्ट इपॉक, ह्या सगळ्यांत ऑफलाइन खेळता येतं. डायब्लो फोर आणि पाथ ऑफ एक्झाइलमध्ये येत नाही, हॉस्टेलचं वायफाय कसं आहे ते आधी बघ.

सीझनबद्दल मी दोन्ही बाजूंनी आहे. दर तीन-चार महिन्यांनी सगळे शून्यापासून सुरू करतात. कामवाल्या माणसाला हे बरं, कारण पहिले दोन आठवडे खेळायचं, जिथे प्रत्येक वस्तूला किंमत असते, आणि मग सोडून द्यायचं. पण तीच गोष्ट, तेच अंक पाचव्यांदा पळत पार करायचे म्हणजे गोष्टीचं भजं होतं. तसंही गोष्ट ह्या प्रकारात लंगडीच. वातावरण छान असतं, संगीतकार मॅट यूलमनचं डायब्लोतल्या ट्रिस्ट्रम गावाचं गिटार ऐकलं की आजही अंगावर काटा येतो, पण संवाद कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

आणि मनगट. हे हसण्यावारी नेऊ नकोस. एका तासात हजारो क्लिक होतात. मला तिशीत उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली, डॉक्टरांनी पट्टा दिला आणि दोन महिने माउस बंद. आता मी एकतर कंट्रोलरवर खेळतो किंवा हल्ल्याचं बटण कीबोर्डवर घेऊन दाबून धरतो. पाथ ऑफ एक्झाइल टू मध्ये चालण्यासाठी कीबोर्डवरची डब्ल्यू-ए-एस-डी बटणं आहेत, त्यानेही बराच भार कमी होतो. पहिल्या दिवसापासून ही सवय लाव.

तर तुझा मुख्य प्रश्न. माझ्या मते तू आधी ग्रिम डॉन घे. २०१६ चा आहे, सेलमध्ये स्वस्त मिळतो, साध्या लॅपटॉपवर चालतो, इंटरनेट लागत नाही, आणि पहिल्या वीस तासांत इतक्या वेळा हात थांबतो की तुला हा प्रकार आपला आहे की नाही ते कळून जाईल. नाही आवडला तर खिसा फारसा हलका होणार नाही. आवडला आणि वाटलं की फटक्याचं वजन आणखी हवंय, मित्रांबरोबर खेळायचंय, तर डायब्लो फोर. आवडला आणि वाटलं की ट्री आणखी मोठी हवी, वहीत हिशोब मांडायचेत, तर पाथ ऑफ एक्झाइल, पण तो फुकट म्हणजे अगदीच फुकट नाही, थोडे दिवस मन लागलं की स्टॅशच्या टॅब, म्हणजे सामान ठेवायच्या पेटीचे जादा कप्पे, विकत घ्याव्या लागतात, तेवढे पैसे बाजूला ठेव. दोन्हींच्या मध्ये लास्ट इपॉक आहे, त्याचं क्राफ्टिंग, म्हणजे वस्तू स्वतः घडवणं, नवीन माणसालाही समजतं, तुला काय चढवायचंय ते बघून चढवता येतं आणि वस्तूची 'फोर्जिंग पोटेन्शियल', म्हणजे बदल सोसायची क्षमता, संपली की थांबावं लागतं.

एक विनंती. पहिलं पात्र यूट्यूबवरचा बिल्ड बघून बनवू नकोस. तुझा पाथ ऑफ एक्झाइलवाला मित्र तुला लगेच एक लिंक देईल, त्यात कुठला पॉइंट कुठे टाकायचा, कुठली वस्तू घालायची सगळं असेल, आणि एक लूट फिल्टर देईल जो बाकी सगळं जमिनीवरून लपवतो. पुढे ते सगळं लागेल, पाथ ऑफ एक्झाइलच्या शेवटच्या टप्प्यात फिल्टरशिवाय स्क्रीन दिसतच नाही. पण पहिल्या पात्राला ते दिलंस तर वाचण्याचं काम दुसऱ्याने करून ठेवलेलं असतं, तुझ्या वाट्याला खरोखर क्लिकच उरतात. पहिलं पात्र चुकू दे, तिसऱ्या अंकात अडकू दे, ग्रिम डॉनमध्ये गावात थोडी लोखंडी नाणी देऊन पॉइंट परत घेता येतात. मला अजून आठवतं, माझ्या पहिल्या सॉर्सरेसला मी आग, गारठा आणि वीज तिन्ही थोडं थोडं शिकवलं होतं, डायब्लो टू मध्ये तेव्हा पॉइंट परत घ्यायची सोयच नव्हती, ती २०१० ला आली. ती पोरगी हेल या सगळ्यात अवघड पातळीत पहिल्याच अंकात अडकली. तिची गारठ्याची अंगठी अजून माझ्या जुन्या सेव्ह फाइलमध्ये आहे.

ग्रिम डॉन घेतलास तर कुठल्या दोन मास्टरी जोडल्यास ते इथेच लिही, दहाव्या लेव्हलला दुसरी निवडायची असते. सोल्जर आणि ऑकल्टिस्ट जोडून बघ असं सुचवेन, पण निवड तुझी.